युरिक ॲसिड उतरलं, हृदयाचं काय?

अँजिओप्लास्टी होऊन वर्ष झालेले शेजारचे काका रक्ताचा रिपोर्ट घेऊन आले. युरिक ॲसिड ७.९, आकडा ठळक छापलेला. सांधा एकही दुखत नव्हता, तरी घरात त्याच संध्याकाळपासून तूरडाळ, पालक, टोमॅटो बंद!

धास्ती अगदीच वायफळ नाही. हृदयाच्या धमन्यांत अडथळे असलेल्यांत हा आकडा चढा असला की पुढे हार्ट अटॅक आणि मृत्यूही जास्त, असं बऱ्याच पाहण्यांत दिसलंय. कारणही पटण्यासारखं आहे. प्युरिन या अन्नात आणि आपल्या पेशींतही असणाऱ्या घटकाचं युरिक ॲसिड करणारं झँथिन ऑक्सिडेज हे एन्झाइम ते काम करताना ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू सोडतं आणि ते रक्तवाहिनीच्या अस्तराला छळतात. ॲलोप्युरिनॉलची गोळी हे एन्झाइमच अडवते. मग ती दिली की हृदय वाचायला हवं, नाही का?

ब्रिटनमध्ये 'ऑल-हार्ट' चाचणीत नेमकं हेच करून पाहिलं. साठीपुढचे, हृदयविकार असलेले, पण गाऊट (युरिक ॲसिडचे खडे सांध्यात साठून होणारं दुखणं) कधीच न झालेले ५,७००हून अधिक रुग्ण. निम्म्यांना रोज ६०० मिलिग्रॅमपर्यंत ॲलोप्युरिनॉल, आणि जवळपास पाच वर्षं सगळ्यांवर नजर. युरिक ॲसिड जवळजवळ निम्म्यावर आलं. पण हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू? २०२२ साली निकाल छापून आला: गोळीवाल्यांत ११.० टक्के, बाकीच्यांत ११.३. म्हणजे फरक नाहीच. (गाऊट असलेल्यांना ही गोळी लागते, तो प्रश्न वेगळा.)

मग आकडा चढतो कशाने? सुमारे दोन-तृतीयांश युरिक ॲसिड मूत्रपिंडं बाहेर टाकतात. ती थकली की ते रक्तात साठतं, आणि थकलेली मूत्रपिंडं हृदयालाही जड जातात. लठ्ठपणा, बीपी यांचंही तसंच. शिवाय लघवी जास्त होण्याच्या काही गोळ्या आणि रोजची छोटी ॲस्पिरिनही हा आकडा वाढवते. काकांना दोन्ही चालू आहेत, आणि हृदयासाठी त्या हव्यातच.

डाळ-पालकातल्या प्युरिनने गाऊटचा धोका वाढल्याचंही मोठ्या पाहणीत दिसलं नाही. बिअर, कलेजी, गोड शीतपेयं यांचं मात्र तसं नाही.

काकांच्या त्याच पानावर दोन ओळी वर क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं थकली की चढणारा आकडा, होतं १.६. तेही ठळकच. पण त्याच्यासाठी ताटातलं काय काढायचं ते कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून असेल, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.