१५-१२ चा सामना : कॉलेज बास्केटबॉलच्या १८९५-९६ हंगामाची पार्श्वभूमी

जानेवारी १८९६ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा सिटीत शिकागो विद्यापीठाने आयोवाला १५-१२ असे हरवले. दोन्ही बाजूंना पाच-पाच खेळाडू, बदली एकही नाही. पाच जणांच्या कॉलेज बास्केटबॉलचा पहिला सामना म्हणून बहुतेक वेळा याचीच नोंद दिली जाते. मात्र आयोवाचे खेळाडू विद्यापीठात शिकत असले तरी मैदानात उतरले ते वायएमसीएचा (तरुणांसाठीची ख्रिस्ती संघटना) संघ म्हणून. त्यामुळे काही जण हा मान १८९७ च्या येल-पेनसिल्व्हेनिया सामन्याला देतात. येलने तो ३२-१० ने जिंकला.

त्याआधी संघात किती खेळाडू असावेत हेच ठरलेले नव्हते. डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ यांनी खेळ सुरू केला तेव्हा वर्गात १८ विद्यार्थी होते, म्हणून नऊ विरुद्ध नऊ. फेब्रुवारी १८९५ मध्ये मिनेसोटाच्या कृषी शाळेने हॅमलाइन विद्यापीठाला ९-३ ने हरवले, तेव्हाही नऊच होते. छोट्या जिममध्ये अठरा जण म्हणजे नुसती झुंबड, पास द्यायलाही वाट सापडत नसे. शिकागोचे प्रशिक्षक एमोस अलोन्झो स्टॅग स्प्रिंगफील्डमध्ये नेस्मिथ यांच्याबरोबर होते, त्यामुळे खेळ त्यांच्याकडे थेट उगमापासून आला होता.

आज १५-१२ हा स्कोअर पाहून बचाव भक्कम असेल असे वाटते, पण खरे कारण नियमांत आहे. प्रत्येक बास्केटनंतर चेंडू मध्यभागी नेऊन सेंटर जंप व्हायचा, म्हणजे चेंडू वर उडवायचा आणि दोन्ही संघांचा एकेक खेळाडू (सेंटर) उडी मारून तो मिळवायला बघायचा. ही पद्धत १९३७ पर्यंत टिकली. त्यात वेळ जायचा आणि उंच सेंटर असलेल्या संघाला चेंडू पुन्हा पुन्हा मिळायचा. चेंडूला लेस असायची. ती जमिनीवर आपटली की चेंडू भलतीकडे उसळायचा. फील्ड गोलला (चालू खेळात केलेली बास्केट) दोन आणि फ्री थ्रोला (फाउलनंतर मिळणारी मोकळी फेक) एक गुण ही विभागणीही याच सुमारास रुळत होती. त्याआधी दोन्हींना तीन-तीन गुण मिळत. फ्री थ्रोची रेषा २० फुटांवरून १५ फुटांवर आलेली होती. फाउल कोणावरही झाला तरी फ्री थ्रो संघातला ठरलेला नेमबाज घ्यायचा, आणि हे १९२० च्या दशकापर्यंत चालले. म्हणून त्या काळातल्या एखाद्या खेळाडूचे गुण आजच्या आकड्यांशेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

बॅकबोर्ड, म्हणजे बास्केटमागची फळी, आला तो नेमबाजांच्या सोयीसाठी नव्हे. बास्केट दहा फुटांवर, गॅलरीच्या कठड्याला टांगलेले असायचे, आणि वर बसलेले प्रेक्षक हात घालून चेंडू आत ढकलायचे किंवा बाहेर काढायचे. त्यांना अडवायला ती फळी आली.

हंगाम म्हणावा असा आराखडाही नव्हता. लीग नाही, ठरलेले वेळापत्रक नाही. बरेच सामने वायएमसीए संघांशीच होत. राष्ट्रीय विजेता ठरवणारी एनसीएए (अमेरिकेतील कॉलेज खेळांची संघटना) स्पर्धा १९३९ मध्ये आली. म्हणून त्याआधीच्या एखाद्या वर्षासमोर ‘राष्ट्रीय विजेते’ असे लिहिलेले दिसले, तर ते नाव कित्येक दशकांनंतर जुन्या नोंदी चाळून ठरवलेले असते.