इज-डब्ल्यू-अपर (सी भाषेतील फंक्शन)

दिलेले वाइड कॅरेक्टर (एका बाइटमध्ये न मावणारी चिन्हेही धरू शकणारा प्रकार) कॅपिटल अक्षर आहे का, हे सांगणारे सी भाषेच्या प्रमाण लायब्ररीतील फंक्शन. ते डब्ल्यूसीटाइप.एच या हेडरमध्ये (घोषणांच्या फाइलमध्ये) जाहीर केलेले असते. सीच्या १९९० च्या आयएसओ प्रमाणाला १९९५ मध्ये पहिली दुरुस्ती जोडली गेली, तेव्हा ते भाषेत आले. एका बाइटपुरते पाहणारे इज-अपर हे त्याचे जुने भावंड.

उत्तर होकारार्थी असेल तर शून्येतर पूर्णांक मिळतो, नसेल तर शून्य. होकार म्हणजे १ च, असे प्रमाण कुठेही म्हणत नाही. तरीही उत्तराची थेट १ शी तुलना करणारा कोड सर्रास आढळतो.

निर्णय चालू लोकेलच्या (भाषा आणि प्रदेशानुसारच्या सेटिंगच्या) अक्षरवर्गानुसार होतो. प्रोग्रॅम सुरू होताना ‘सी’ नावाचे लोकेल लागू असते. ग्नू लायब्ररीत (लिनक्सवर सहसा असणारी सी लायब्ररी) त्या स्थितीत इंग्रजीच्या २६ कॅपिटल अक्षरांपलीकडे कशालाच होकार मिळत नाही. ग्रीक किंवा रशियन कॅपिटल ओळखून हवे असेल, तर आधी सेटलोकेल या फंक्शनने यंत्रावरचे यूटीएफ-८ (जगातील लिप्यांच्या युनिकोड या सामाईक तक्त्यातील चिन्हे बाइटमध्ये मांडण्याची पद्धत) लोकेल लावावे लागते.

देवनागरीत मात्र लोकेल बदलूनही फरक पडत नाही. नागपूर रेल्वे स्थानकाच्या पाटीवरचे शहराचे नाव घ्या. रोमन लिपीत ते सहा कॅपिटल अक्षरांचे आहे, म्हणून सहा वेळा होकार. मराठीतले ‘नागपूर’ही संगणकाच्या लेखी सहाच चिन्हांचे: न, काना, ग, प, दीर्घ उकार, र. इथे सहाही वेळा शून्य. हिंदी पाटीवर उकार ऱ्हस्व होतो, शून्य तसेच राहते. युनिकोडमध्ये देवनागरी अक्षरे ‘इतर अक्षर’ या वर्गात आणि काना-उकार ‘खूण’ या वर्गात मोडतात; त्यांना कॅपिटल-स्मॉल अशी जोडीच नाही.

खरी गोची इथे आहे. नकार मिळाला म्हणजे अक्षर स्मॉल आहे, असा अर्थ होत नाही. स्मॉल तपासणाऱ्या इज-डब्ल्यू-लोअरला ‘न’ दिला तरी शून्यच येते. ‘नावाचे पहिले अक्षर कॅपिटल हवे’ अशी अट अर्जाच्या प्रोग्रॅममध्ये घातली, की मराठीत नाव लिहिणारा नागपूरकर दारातच अडतो. दोष फंक्शनचा नाही, अटीचा आहे. अशा ठिकाणी अक्षर स्मॉल असेल तरच हरकत घ्यावी. मग रोमन नावाची शिस्तही राहते आणि देवनागरी नावही आत येते.

फंक्शनला देण्याची किंमत वाइड कॅरेक्टरमध्ये मावणारी किंवा फाइलसमाप्तीचे चिन्ह असावी. इतर किमतींसाठी वर्तन अनिश्चित आहे. विंडोजवर वाइड कॅरेक्टर १६ बिटांचे, लिनक्सवर सहसा ३२ बिटांचे. त्यामुळे युनिकोडच्या मूळ पातळीबाहेरच्या (१६ बिटांत न मावणाऱ्या) लिप्या, उदाहरणार्थ कॅपिटल-स्मॉल भेद असलेली डेझरेट, विंडोजवर दोन तुकड्यांत येतात, आणि सुट्या तुकड्यावरून कॅपिटल ओळखणे शक्य नसते.

लायब्ररीचे तक्तेही जुने होतात. जॉर्जियन लिपीची म्ताव्रुली कॅपिटल अक्षरे युनिकोडमध्ये २०१८ साली, ११ व्या आवृत्तीत आली. त्याआधीच्या तक्त्यांवर चालणारी लायब्ररी त्यांना कॅपिटल म्हणून ओळखत नाही.