फॉरमॅट मारला म्हणजे डेटा पुसला नव्हे

पाऊस लागला की तारकर्लीतले होमस्टे बंद होतात आणि अडगळ बाहेर निघते. यंदा माझ्या आतेभावाने जुना कॉम्प्युटर विकायला काढला. "दुकानातून फॉरमॅट मारून घेतलंय मरे," म्हणाला. तरी मी त्या हार्ड डिस्कवर फोटोरेक हे पुसलेल्या फाइल परत शोधणारं मोफत सॉफ्टवेअर चालवलं, आणि पाहुण्यांच्या आधार कार्डांचे स्कॅन एकामागून एक वर यायला लागले. लोकांनी विश्वासाने दिलेले कागद ते! पोटात गोळाच आला.

फॉरमॅट आणि वाइप यांत आपण सगळेच गल्लत करतो. सातबाऱ्यावरून नाव कमी झालं म्हणून बागेतली कलमं तोडली जात नाहीत. विंडोजमध्ये आधीपासून टिक असलेला क्विक फॉरमॅट तेवढंच करतो: कुठली फाइल कुठे आहे याची नोंदवही कोरी करतो. फाइलमधला मजकूर, त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत, तसाच राहतो. वाइप मात्र सगळ्या डिस्कवर शून्यं लिहीत जातं. म्हणून पहिलं काम सेकंदांत उरकतं, दुसऱ्याला १ टीबीच्या डिस्कवर काही तास लागतात. दुकानदार पाच मिनिटांत "झालं" म्हणाला तर ते वाइप नव्हे.

'क्विक'ची टिक काढली तर फॉरमॅटही वाइपचं काम करतो, पण विंडोज व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्येच. त्याआधीच्या विंडोज एक्सपीतला पूर्ण फॉरमॅट फक्त डिस्कचे खराब भाग (सेक्टर) तपासायचा. डिस्क ३५ वेळा पुसा असंही कुणी सांगतं. हा सल्ला १९९६ च्या एका शोधनिबंधातून आलाय, तो तेव्हाच्या डिस्कसाठी होता. आजच्या हार्ड डिस्कला एक फेरी पुरते.

एसएसडीचं, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये डेटा ठेवणाऱ्या डिस्कचं, गणित वेगळं. ती लिखाण आपल्या सोयीने चिपमधल्या वेगवेगळ्या पेशींत (बारीक कप्प्यांत) फिरवते, काही पेशी राखीव ठेवते, त्यामुळे वरून शून्यं लिहून सगळीकडे पोचता येत नाही. तिथे डिस्कच्या कंपनीच्या टूलमधली किंवा बायोसमधली (कॉम्प्युटर सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमधली) सिक्युअर इरेज ही डिस्कला स्वतःलाच सगळं पुसायला लावणारी सोय वापरायची.

आणि हो, खाऱ्या हवेने कॅबिनेट गंजलं म्हणून डिस्कवरचा डेटा जात नाही. भंगारात देतानाही डिस्क काढून घ्या.

भावाची डिस्क काढून मी माझ्या कॉम्प्युटरला जोडली, टिक काढून फॉरमॅट लावला. दुपारी लावलेलं काम दिवेलागणीला संपलं. फोटोरेक पुन्हा चालवलं, एकही फाइल मिळाली नाही. मगच कॉम्प्युटर विकला.