मिथायलेशनसाठी डीएनए पाठवताय? मग आधी पीसीआर करू नका

आमच्या लॅबने हे पत्रक काढायचं कारण सरळ आहे. कोणी ना कोणी सारखं ट्यूबमध्ये पीसीआर प्रॉडक्ट (म्हणजे कॉपी करकरून वाढवलेला डीएनए) पाठवतं आणि फॉर्मवर लिहितं, "डीएनए कमी होता म्हणून वाढवून पाठवलाय, मिथायलेशन बघून द्या". आम्ही फोन करून सांगतो की यातून काही निघणार नाही. मग समोरून हमखास येतं की अहो तुम्ही पण पीसीआर करताच ना, मग आम्ही केला तर काय बिघडलं? प्रश्न रास्त आहे, पण उत्तर द्यायला दर वेळी फोनवर बराच वेळ जातो, म्हणून इथे एकदाच नीट लिहितोय.

बेसिक तुम्हाला माहीत आहेच, तरी थोडक्यात. डीएनएच्या अक्षरांपैकी सी, म्हणजे सायटोसिन, त्याच्या पाचव्या कार्बनवर एक मिथाइल ग्रुप बसतो, हेच मिथायलेशन, माणसात बहुतेक वेळा जिथे सी नंतर लगेच जी येतो तिथे, म्हणजे सीपीजीवर. मानवी जीनोममध्ये अशा जागा साधारण २ कोटी ८० लाख आहेत आणि नेहमीच्या पेशीत त्यातल्या ७० ते ८० टक्के मिथायलेटेड असतात. मोकळ्या राहतात त्या बऱ्याचशा जीनच्या सुरुवातीला, प्रोमोटरजवळ (जीन चालू करणाऱ्या भागाजवळ), दाटीवाटीने असतात, त्यालाच सीपीजी आयलंड म्हणतात. तिथे मिथायलेशन झालं की जीन सहसा गप्प होतो. काही ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरना (जीन चालू करणाऱ्या प्रोटीन्सना) त्या जागी बसताच येत नाही, शिवाय एमईसीपी२ सारखी प्रोटीन्स मिथाइल ओळखून चिकटतात आणि हिस्टोनवरचे (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रोटीन्सवरचे) ॲसिटाइल काढणारी एन्झाइम्स बोलावून आणतात, मग तिथलं क्रोमॅटिन, म्हणजे डीएनए आणि प्रोटीन्सचं गाठोडं, आवळलं जातं. या सगळ्यात डीएनएचं एकही अक्षर बदललेलं नसतं.

आणि गोची नेमकी इथेच आहे. साधा पीसीआर फक्त अक्षरं कॉपी करतो.

पेशी विभागते तेव्हा नवीन स्ट्रँडवर मिथाइल नसतो, पण जुन्यावर असतो, मग यूएचआरएफ१ नावाचं प्रोटीन अशी अर्धवट जागा हेरतं आणि डीएनएमटी१ नावाचं एन्झाइम नवीन बाजूला मिथाइल लावून टाकतं, म्हणून पेशीच्या पुढच्या पिढीला तोच पॅटर्न मिळतो. तुमच्या पीसीआर ट्यूबमध्ये डीएनएमटी१ आहे का? नाही. तिथे टॅक पॉलिमरेज हे कॉपी करणारं एन्झाइम आहे आणि त्याच्या हाताशी साधा डीसीटीपी, म्हणजे सी चा कच्चा माल आहे. मूळ स्ट्रँडवर मिथाइल असो नसो, ते समोर जी लावून मोकळं होतं, आणि पुढच्या सायकलला त्या जी समोर साधा सी येतो. एखाद्या पुस्तकात पेन्सिलीने खुणा केल्यात आणि ते कोणाकडून नव्याने टाइप करून घेतलंत तर अक्षरं सगळी येतील, खुणा एकही येणार नाही, तसंच हे. ३० सायकलमध्ये थिअरीनुसार एका रेणूच्या १०० कोटींच्या वर कॉपी होतात, त्यात खुणा असलेले मूळ स्ट्रँड शोधणार कुठे?

आता "तुम्ही पण करताच ना" याचं उत्तर. करतो, पण बायसल्फाइट नावाच्या रसायनानंतर. १९९२ साली मॅरियन फ्रॉमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायसल्फाइट सिक्वेन्सिंगची पद्धत मांडली, तिचा गाभा आजही तोच आहे. बायसल्फाइट टाकलं की साध्या सी चा यू (युरॅसिल) होतो, मिथायलेटेड सी मात्र सी च राहतो. म्हणजे मिथाइलची माहिती आता अक्षरात उतरली. यानंतर खुशाल पीसीआर करा, यू च्या जागी टी येतो आणि सी तसाच राहतो, मग जिथे मूळचा सी टी म्हणून वाचला गेला तिथे मिथाइल नव्हता आणि जिथे सी च वाचला गेला तिथे होता. सगळा खेळ क्रमाचा आहे. आधी कन्व्हर्जन (म्हणजे सी चा यू करणं), मग पीसीआर. उलटं केलंत तर सगळे सी साधे, सगळ्यांचा टी, रिपोर्ट शून्य टक्के.

हा शून्य फसवा असतो म्हणून एवढं सांगतोय. सॅम्पल फेल झालं तर निदान कळतं तरी, इथे ग्राफ एकदम स्वच्छ येतो, कन्व्हर्जन उत्तम दिसतं आणि माणूस लिहून मोकळा होतो की प्रोमोटर अनमिथायलेटेड आहे. ग्लायोब्लास्टोमात (मेंदूच्या एका कॅन्सरमध्ये) एमजीएमटीच्या प्रोमोटरचं मिथायलेशन बघतात, कारण हा डीएनए दुरुस्त करणारा जीन गप्प असेल तर टेमोझोलोमाइड या औषधाचा उपयोग जास्त होण्याची शक्यता असते. अशा ठिकाणी खोटा शून्य किती महागात पडेल ते तुम्हीच बघा. (आमचे रिपोर्ट रिसर्चसाठीच असतात हेही इथेच सांगून ठेवतो.)

होल जीनोम ॲम्प्लिफिकेशनच्या (सगळाच डीएनए वाढवणाऱ्या) किटने वाढवलेला डीएनएसुद्धा याच यादीत, त्यातही खुणा पुसल्या जातात. मानवी जीनचा तुकडा प्लाझ्मिडमध्ये (बॅक्टेरियातल्या छोट्या गोल डीएनएमध्ये) घालून ई. कोलायमध्ये वाढवला असेल तर तेही चालत नाही, कारण त्या बॅक्टेरियाकडे सीपीजीवर मिथाइल लावणारं एन्झाइमच नाही, त्याचं स्वतःचं मिथायलेशन वेगळ्याच जागी असतं. काही जण म्हणतात मग नॅनोपोअर सिक्वेन्सिंगवर करा, त्यात बायसल्फाइट लागतच नाही. बरोबर, लागत नाही, ते मूळ डीएनएवरचा मिथाइल थेट सिग्नलमधून ओळखतं, पण "मूळ" हा शब्द महत्त्वाचा, पीसीआर केलेला डीएनए तिथेही कोराच दिसणार.

आम्ही काय करतो तर आलेला प्रत्येक जीनोमिक डीएनए आधी जेलवर, तुकडे लांबीनुसार वेगळे करून, बघतो. वर जड पट्टा दिसायला हवा, खाली एकच टोकदार बँड दिसला की आम्ही थांबतो आणि फोन करतो. मानवी सॅम्पल असेल तर एच१९ जवळचा इम्प्रिंटिंगचा भागही तपासतो, तिथे वडिलांकडून आलेली कॉपी मिथायलेटेड आणि आईकडून आलेली मोकळी असते, म्हणजे साध्या रक्तात ५० टक्क्यांच्या आसपास यायलाच हवं, तिथे शून्य आलं तर डीएनए आधी वाढवलेला आहे हे उघड होतं. शिवाय बायसल्फाइट रनमध्ये अनमिथायलेटेड लॅम्डा डीएनए (एका व्हायरसचा) टाकतो, म्हणजे कन्व्हर्जन पूर्ण झालं की नाही याचा पुरावा तुमच्या हातात राहतो. यामुळे आमच्याकडे एखादा दिवस जास्त लागतो अशी तक्रार असते. असू दे. हा तपास वगळून रिपोर्ट लवकर देणं काही अवघड नाही, पण तो रिपोर्ट तुम्ही रिव्ह्यूअरसमोर कसा टिकवणार?

डीएनए खरंच कमी असेल तर वाढवू नका, आम्हाला सांगा. बायसल्फाइट डीएनएचे तुकडे करतं, बराचसा वाया जातो, म्हणून तर आम्ही जास्त मागतो, उगाच नाही. कमी असेल तर एन्झाइमने कन्व्हर्जन करायची पद्धत आहे, त्यात टीईटी२ मिथायलेटेड सी ला सुरक्षित करतं आणि एपीओबीईसी उरलेल्यांचा यू करतं, डीएनए बराच शाबूत राहतो. ही सोय आमच्याकडे आहे. पॅराफिन ब्लॉकमधला डीएनए आधीच तुटलेला असतो, त्यासाठी छोटे ॲम्प्लिकॉन (पीसीआरने वाढवायचे भाग) डिझाइन करून देतो. आणि हो, प्रायमर (पीसीआर सुरू करायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) साध्या सिक्वेन्सवरून बनवून पाठवू नका, कन्व्हर्जननंतर सिक्वेन्स बदललेला असतो, दोन स्ट्रँड एकमेकांना जुळतसुद्धा नाहीत, ते प्रायमर बसणारच नाहीत. डिझाइन आमच्यावर सोडा.

रक्त ईडीटीएच्या ट्यूबमध्ये घ्या, हेपॅरिन पीसीआरला त्रास देतं.

रिपोर्टमधल्या टक्केवारीबद्दलही एक गोष्ट. ४० टक्के म्हणजे प्रत्येक पेशीत थोडंथोडं असं नव्हे, तर त्या जागेवर वाचलेल्या रेणूंपैकी ४० टक्क्यांवर मिथाइल सापडला. त्यामुळे रक्तात पांढऱ्या पेशींचं प्रमाण बदललं तरी आकडा हलतो, जीनमध्ये काहीच झालेलं नसताना. तुलना करायची असेल तर पेशींचा काउंट सोबत पाठवा. आणि "मग आमचा जीन ऑन आहे का ऑफ?" हे आम्ही लिहून देत नाही म्हणून काही जण नाराज होतात, पण प्रोमोटर सोडून जीनच्या आतल्या भागात मिथायलेशन जास्त असेल तर तो जीन बऱ्याचदा उलट चालू असतो, तेव्हा नुसत्या आकड्यावर तसं ठोकून देणं आम्हाला पटत नाही. त्यासाठी आरएनए पण पाठवा, एकाच सॅम्पलचं दोन्ही करून देतो.

पुढच्या वेळी फॉर्मवर "डीएनए कुठून काढला आणि आधी ॲम्प्लिफाय केलाय का" हा रकाना रिकामा सोडू नका. केला असेल तर तसं लिहा, मूळ ट्यूबमध्ये थेंबभर जरी उरलं असेल तरी तेच पाठवा, त्यातून काय जमतं ते आम्ही काम सुरू करायच्या आधी सांगू.