कन्व्हर्टर लावला म्हणजे ३०० ची ६०० होते?

जंगलात फोटो काढणाऱ्या नवख्यांना हा सल्ला हमखास मिळतो: ‘स्वस्तातली ७०-३०० मिमीची झूम लेन्स घे, मागे दुपटीचा टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारी, प्रतिमा मोठी करणारी जोडभिंग) लाव, ६०० ची लेन्स तयार!’ कागदावर हिशेब बरोबर आहे. जंगलात मात्र तो फसतो.

दुपटीचा कन्व्हर्टर दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), म्हणजे उरतो एक चतुर्थांश. ३०० मिमीला एफ/५.६ असलेली लेन्स एफ/११ होते (एफचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी). ताडोबात पहाटेच्या उजेडात १/५०० सेकंद शटरला आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता; वाढवली की फोटो दाणेदार होतो) १६०० लागत असेल, तर आता ६४०० लागेल. त्यातून बहुतेक डीएसएलआरचा (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याचा) ऑटोफोकस एफ/५.६ पर्यंतच भरवशाचा, काहींचा एफ/८ पर्यंत. एफ/११ ला लेन्स नुसती पुढेमागे फिरत राहते आणि तोवर वाघ झाडीत. मिररलेसमध्ये (बिनआरशाच्या नव्या कॅमेऱ्यात) फोकसची अडचण कमी होते, प्रकाशाची नाही. शिवाय कन्व्हर्टर प्रतिमेसोबत लेन्सचे दोषही मोठे करतो, आणि स्वस्त झूम टोकाला मुळातच जरा मऊ, म्हणजे कमी धारदार असते. कॅनन आणि निकॉनचे स्वतःचे कन्व्हर्टर तर त्यांच्याच स्वस्त ७०-३०० ना बसतही नाहीत! (हे दुकानदार क्वचितच सांगतो.)

त्यापेक्षा नुसत्या ३०० ने काढलेला फोटो नंतर क्रॉप केलेला बरा. जिप्सीतून सांबर, गवा, रस्त्यावर आलेला वाघ यांना एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५५-२५० देखील पुरते. भिगवणचे पक्षी हेच वेड असेल, तर कन्व्हर्टरचे पैसे वाचवून टॅमरॉन किंवा सिग्माची जुनी १५०-६०० शोधा. वजन सुमारे २ किलो, तेव्हा लेन्स टेकवायला बीनबॅगही घ्या.