वाक्याच्या मधोमध घेतलेला श्वास

यवतमाळकडच्या आमच्या गावी मोठी माय फोन उचलते आणि पहिल्याच वाक्यात मला कळतं, आज तिला दम लागलाय. एरवी ती एका दमात म्हणते, "काल वावरात गेली व्हती मी कापूस येचाले." दम लागला की तेच "काल वावरात गेली… व्हती मी कापूस… येचाले" असं येतं. "श्वासाचा पंप घेतला का वं?" विचारलं, की "मले काय झालं?" हे ठरलेलं उत्तर. पण श्वास कुठे घेतला ते काही तिला लपवता येत नाही.

कॉम्प्युटरला हेच ऐकायला शिकवताहेत. आपण बोलतो ते श्वास सोडताना. बोलता बोलता झटकन हवा भरून घ्यायची आणि पुरवून पुरवून वापरायची. भरण्यात साधारण दहावा हिस्साच वेळ जातो. धडधाकट माणूस बोलणं जिथे टेकतं तिथे श्वास घेतो. दमा किंवा सीओपीडीत (फुप्फुसांच्या दीर्घकाळ चालणाऱ्या आजारात) श्वासनळ्या अरुंद होतात, हवा आतच अडकते, नवी घ्यायला जागा कमी उरते. मग वाक्य संपायची वाट कोण बघणार?

अशा रेकॉर्डिंगमध्ये आवाजाची नोंद सहसा सेकंदाला १६,००० वेळा होते. तिचे २५ मिलिसेकंदांचे तुकडे पाडून कॉम्प्युटर बघतो, बोलणं कुठे, शांतता कुठे, आणि त्या शांततेत हवा ओढल्याची सरसर आहे का. "आऽऽ" किती वेळ टिकला, स्वर किती थरथरला, हेही मोजतो. जुन्या पद्धतीच्या फोनलाइनवरून सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पलीकडे जातो, त्यामुळे सरसर बरीचशी गळते. थांबे मात्र शाबूत पोचतात.

इथवर सगळं गोड वाटतं. पण कोविडच्या काळात खोकल्या-बोलण्यावरून आजार ओळखणाऱ्या प्रणालींचा बराच गाजावाजा झाला. ब्रिटनमध्ये अॅलन ट्युरिंग इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी हजारो लोकांच्या आवाजांवर त्या तपासल्या. वय, लक्षणं वगैरे सारखी असलेली माणसं समोरासमोर ठेवली, तेव्हा यंत्राची हुशारी नुसतं "ताप आहे का, वास येतो का" विचारण्यापेक्षा सरस ठरली नाही. २०२४ मध्ये ते प्रसिद्ध झालं.

म्हणजे यंत्र आजार नव्हे, माणसांमधला दुसराच फरक ओळखत होतं. आपल्याकडे हा घोटाळा आणखी सोपा. जिनिंगमधल्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातल्या, कामगारांचे आवाज 'आजारी' म्हणून आणि शहरातल्या कॉलेजच्या पोरांचे 'निरोगी' म्हणून भरले, तर यंत्र फुप्फुसं राहू देईल आणि वऱ्हाडी ओळखायला शिकेल!

म्हणून मला वाटतं, माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच करावी. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसमध्ये आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर परतलं, की पहिल्याच दिवशी छाती आवळते. सुट्टीच्या संध्याकाळी एकदा आणि त्या पहिल्या पाळीनंतर एकदा त्याच कामगाराला तेच चार शब्द बोलायला लावायचे. मीही मोठ्या मायच्या बाबतीत दुसरं काय करतो? तिचं कालचं बोलणं माझ्या कानात असतं.