तारांतोचा फिरता पूल: पार्श्वभूमी

दक्षिण इटलीतलं तारांतो दोन पाण्यांच्या मध्ये वसलं आहे. एका बाजूला खुला मारे ग्रांदे (‘मोठा समुद्र’), दुसऱ्या बाजूला जमिनीनं वेढलेला मारे पिक्कोलो (‘छोटा समुद्र’). १४८० मध्ये ऑटोमन सैन्यानं जवळचं ओत्रांतो जिंकलं आणि नेपल्सवर राज्य करणाऱ्या अरागोन घराण्याच्या राजांनी तारांतोची तटबंदी हाती घेतली. नवा किल्ला उभा राहिला, त्याच्या कडेनं खंदक होता. पुढे चारशे वर्षांनी याच खंदकातून आजचा कालवा निघाला.

एकसंध झालेल्या इटलीला नौदलासाठी सुरक्षित बंदर हवं होतं. मारे पिक्कोलोत गोदी उभारायचं ठरलं, पण तिथे युद्धनौका शिरणार कशा? म्हणून १८८३ नंतर खंदक रुंद आणि खोल करण्यात आला. त्यासाठी किल्ल्याचा सांत आंजेलो बुरूज पाडला, ही किंमत मोठीच होती. जुनं गाव आणि पलीकडे वाढणारी नवी वस्ती यांच्यामध्ये आता जहाजांची वाट आली. कायमचा पूल बांधला तर डोलकाठ्या अडणार, न बांधला तर गाव तुटणार.

२२ मे १८८७ रोजी खुला झालेला फिरता पूल हे त्यावरचं उत्तर होतं. तो अभियंते आल्फ्रेदो कोत्राऊ यांच्या कंपनीनं बांधला. दोन्ही काठांवरून एकेक लोखंडी बाहू येऊन मध्यावर भेटत. जहाज आलं की बाहू आडवे फिरून आपापल्या काठाला लागत. मला सर्वांत थक्क करते ती त्यामागची शक्ती. किल्ल्यावर सुमारे ६०० घनमीटर पाण्याची टाकी होती. तिथून खाली येणारं पाणी टर्बाइन फिरवी आणि त्या जोरावर एकेक बाहू हले. ना वाफ, ना वीज! दोन वर्षांनी, १८८९ मध्ये, गोदीचंही उद्घाटन झालं.

सत्तरेक वर्षांनी जहाजं आणि वाहतूक दोन्ही वाढल्यावर जुन्या पुलाच्या जागी नवा आला. १० मार्च १९५८ रोजी राष्ट्राध्यक्ष जोव्हान्नी ग्रोंकी यांनी त्याचं उद्घाटन केलं. आता विजेच्या मोटारी होत्या, पण दोन बाहूंची रचना तीच राहिली. हा निर्णय मला योग्य वाटतो, कारण जागेची अडचण बदललीच नव्हती.

पूल आजही नौदलच चालवतं. २००४ मध्ये मारे ग्रांदेत नवा तळ सुरू झाल्यापासून तो पूर्वीइतका वारंवार उघडत नाही. गोदी मात्र अजून आतच आहे, त्यामुळे दुरुस्तीला जाणाऱ्या युद्धनौकेसाठी आजही रस्ता थांबवावा लागतो. डेकवर रांगेत उभे असलेले खलाशी तेव्हा काठावरच्या घरच्यांच्या अगदी जवळून जातात.